नागझिऱ्यात सांगितलेली गोष्ट : मध्यशतकातील भयपट, मराठी भयकथा आणि ‘तुंबाड’

मराठी भयकथेचा विचार करताना समीक्षेने प्रायः दोन प्रश्न विचारले आहेत. ही कथा ‘वाङ्मयीन’ आहे काय, हा पहिला. आणि ती कोणत्या इंग्रजी कथेवरून घेतली आहे, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाती आले की पहिल्याचे उत्तर शोधण्याची गरज उरत नाही, असा एक अलिखित संकेत रूढ झालेला दिसतो. घेतलेली गोष्ट या भाषेत आल्यावर तिचे काय होते, हा तिसरा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला. त्याचा विचार करण्यासाठी एक उत्तम उदाहरण आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या नागझिरा अभयारण्याशी निगडित आहे. १९९३ मध्ये तेथे एका मुलाला त्याच्या मित्राने नारायण धारप यांची एक कथा तोंडी सांगितली. पुढे पंचवीस वर्षांनी, २०१८ मध्ये, तिच्यातून ‘तुंबाड’ हा चित्रपट उभा राहिला. या प्रवासाचा एक धागा मागे जात जात विसाव्या शतकाच्या मध्यावरील अमेरिकी विज्ञानपट आणि भयपटांपर्यंत पोहोचतो.

१. बाहेरून येणारे भय

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात विज्ञानपट आणि भयपट यांच्या सीमारेषा पुसट झाल्या. ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ (१९५१) मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात गाडला गेलेला परग्रहावरील जीव जिवंत होतो. ‘देम!’ (१९५४) मध्ये अणुचाचणीच्या किरणोत्सर्गाने मुंग्या राक्षसी आकार धारण करतात. त्याच वर्षी जपानमध्ये इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीतील राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. त्या घटनेची छाया या चित्रपटावर स्पष्ट दिसते. ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ (१९५६) मध्ये शत्रू अधिक जवळ येतो. तेथे शेजारी, नातलग आणि मित्र यांचे केवळ बाह्यरूप उरते. आतला माणूस बदललेला असतो.

या सर्व चित्रपटांत एक समान आशयसूत्र आढळते. भय बाहेरून येते : आकाशातून, बर्फातून, प्रयोगशाळेतून. त्याचा प्रतिकार सामूहिक असतो. शास्त्रज्ञ, सैनिक आणि पत्रकार एकत्र येऊन संकटाशी झुंजतात. अणुयुगाची आणि शीतयुद्धाची चिंता राक्षसाच्या रूपाने पडद्यावर साकार होत होती, असे या चित्रपटांविषयी सामान्यतः म्हटले जाते. आणि ते योग्यच आहे.

या चित्रपटांवर वाढलेल्या पिढीत स्टीफन किंग हा लेखक येतो. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दान्स मकाब्र’ या विवेचनग्रंथाच्या आरंभी त्याने एक प्रसंग नोंदविला आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी दहा वर्षांचा किंग ‘अर्थ व्हर्सेस द फ्लाइंग सॉसर्स’ (१९५६) हा उडत्या तबकड्यांचा चित्रपट पाहत होता. मध्येच खेळ थांबला, दिवे लागले, आणि रशियाने स्पुतनिक हा उपग्रह अवकाशात सोडल्याची वार्ता व्यवस्थापकाने प्रेक्षकांना सांगितली. पडद्यावरचे भय आणि जगातले भय त्या क्षणी एकरूप झाले. भयकथा ही समाजाच्या दबलेल्या भीतींना वाट करून देते, या किंगच्या प्रतिपादनाचे मूळ अशा अनुभवात आहे.

२. उलगडणारे भूत

याच काळातील भारतीय चित्रपटांकडे वळले असता वेगळे चित्र दिसते. कमाल अमरोही यांच्या ‘महल’ (१९४९) मध्ये ओसाड वाडा आहे, झोपाळा आहे, अंधारातून येणारा स्वर आहे. परंतु अखेरीस ती स्त्री माळ्याची मुलगी असल्याचे उघड होते. ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘वह कौन थी’ (१९६४) यांतील भुतामागेही माणसाचा डाव असतो. मराठीत राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा याच जातीचा. मृत पत्नीच्या गूढ पुनरागमनाचे कोडे तेथे न्यायालयात सुटते. ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) मध्येही गावाला भिवविणारे भूत माणसांनीच उभे केलेले असते. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’ (१९५८) मध्ये मात्र मृत नायिकेचा आत्मा खरोखरच अवतरतो. तो या परंपरेतला ठळक अपवाद होय.

येथे भय हे कोडे आहे आणि कोडे सुटते. प्रेक्षक भयाच्या सीमेपर्यंत जातो आणि सुरक्षित परततो. सुधारणावादी विचाराचा संस्कार आणि रहस्यकथेची लोकप्रियता या दोन्हींच्या मिलाफातून ही रीत घडली असावी. तिचा परिणाम असा झाला की न उलगडणाऱ्या भयाला मराठी चित्रपटात फारशी जागा मिळाली नाही. ती जागा मुद्रित कथेने, विशेषतः नारायण धारप यांनी, भरून काढली.

३. धारपांची कथा आणि ‘उसनेपणा’

नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथा-कादंबऱ्यांत अतिमानुष शक्ती खऱ्या असतात. कथेच्या शेवटी त्या वितळून जात नाहीत. धारपांनी पाश्चात्त्य भयसाहित्य मोठ्या प्रमाणावर आत्मसात केले. ‘लुचाई’ ही त्यांची कादंबरी किंगच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) वर आधारलेली आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. ‘आजी’ या त्यांच्या कथेचा गाभाही किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेतून आला आहे. ‘ग्रॅमा’ प्रथम १९८४ साली प्रसिद्ध झाली आणि पुढील वर्षी ‘स्केलेटन क्रू’ या संग्रहात समाविष्ट झाली. थोरल्या मुलाला दुखापत झाल्याने आईला घराबाहेर जावे लागते, आणि धाकटा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या, विद्रूप, जादूटोणा जाणणाऱ्या आजीपाशी एकटाच उरतो, ही त्या कथेची बीजकल्पना आहे.

‘ग्रॅमा’ची विशेषता अशी की मध्यशतकातील चित्रपटांचे बाह्य भय येथे घराच्या आत आले आहे. आकाशातून उतरणारा शत्रू आता शेजारच्या खोलीत खाटेवर पडून आहे, आणि तो रक्ताच्या नात्याचा आहे. मराठी कुटुंबव्यवस्थेत या कल्पनेला किंगच्या समाजापेक्षाही तीव्र धार येते. आजी ही मराठी संवेदनेत वात्सल्याची, गोष्टी सांगणारी मूर्ती. तिच्याचविषयी भय वाटावे, हा केवळ कथानकाचा भाग राहत नाही. तो एका श्रद्धेला दिलेला धक्का ठरतो. भाषांतरात शब्द जसे बदलतात तसे नात्यांचे वजनही बदलते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

येथे विज्ञानकथेशी तुलना उद्बोधक ठरेल. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकर यांच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले. ती त्यांनी टोपणनावाने पाठविली होती. नारळीकर हे केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी, आणि हॉइल स्वतः ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) या विज्ञान-कादंबरीचे लेखक. म्हणजे मराठी विज्ञानकथेचा एक प्रवाहही त्याच पाश्चात्त्य मध्यशतकातून आलेला आहे. तरी विज्ञानकथेला प्रतिष्ठा लाभली. २०२१ च्या नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. भयकथेच्या वाट्याला असे स्थान आले नाही. एकीला ‘प्रबोधन’ ही ओळख मिळाली, दुसरीला ‘करमणूक’ ही. उगम समान असूनही मूल्यमापन भिन्न झाले. म्हणून उसनेपणा हे भयकथेच्या उपेक्षेचे खरे कारण नव्हे, असे म्हणावे लागते.

४. जंगलातील कथन

नागझिरा १९७० साली अभयारण्य घोषित झाले. १९९३ मध्ये तो प्रदेश भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा स्वतंत्र झाला. हा मुलूख झाडीपट्टीचा. दंडारीची आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकांची परंपरा येथे आजही जिवंत आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ या पुस्तकामुळे हे अरण्य मराठी वाचकाला परिचित झाले होते. परंतु भयकथेच्या इतिहासातही त्याला स्थान आहे, याकडे लक्ष गेलेले नाही.

‘तुंबाड’चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी मुलाखतींतून सांगितले आहे की, मित्राने या जंगलात ऐकविलेल्या धारपांच्या कथेने त्यांना झपाटून टाकले. पुढे मूळ कथा वाचली तेव्हा मात्र ती त्यांना सामान्य वाटली. या कबुलीचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. तिच्यातून धारपांची कथा दुय्यम ठरते, असा निष्कर्ष सहज काढता येईल; परंतु तो अपुरा होय. छापील कथा, सांगणारा मित्र, रात्र, भोवतालचे अरण्य आणि ऐकणाऱ्याचे किशोरवय या साऱ्यांनी मिळून एक नवी संहिता घडविली. ती कोठेही लिहिलेली नाही. ‘तुंबाड’चा खरा पूर्वाधार ही अलिखित संहिता आहे. अमेरिकेत किंगला चित्रपटगृहात जे मिळाले, ते येथे एका श्रोत्याला मौखिक कथनातून मिळाले. तेथे दिवे लागले तेव्हा भय खरे झाले. येथे ते अंधारातच खरे झाले.

५. भयापासून लोभाकडे

बर्वे यांनी १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पहिला आराखडा लिहिला. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीतून शीर्षकासाठी गावाचे नाव आले. २०१८ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवातील ‘क्रिटिक्स वीक’ या विभागाचा आरंभ या चित्रपटाने झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. संवाद हिंदीत असले तरी वाडा, पाऊस, आडनावे आणि घरातील व्यवहार कोकणातले आहेत.

चित्रपटाचे कथानक १९१८, १९३३ आणि १९४७ या तीन टप्प्यांत घडते. पहिल्या टप्प्यात ‘ग्रॅमा’ आणि ‘आजी’ यांची बीजकल्पना स्पष्ट दिसते : भाऊ जखमी होतो, आई त्याला घेऊन जाते, आणि विनायक त्या भयंकर वृद्धेपाशी एकटा उरतो. हस्तर हे नाव उच्चारून तिला झोपविता येते. या नावाचाही प्रवास नोंदण्याजोगा आहे. अँब्रोज बिअर्सच्या १८९१ मधील कथेत हास्टर हा मेंढपाळांचा सौम्य देव होता. रॉबर्ट चेंबर्स आणि लव्हक्राफ्ट यांच्या लेखनातून जाताना तो गूढ आणि भयावह झाला, आणि किंगच्या ‘ग्रॅमा’तही त्याच नावाने आजीला आवर घातला जातो. ‘तुंबाड’मध्ये तो समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र होतो. सोन्यावर त्याचा अधिकार आहे, अन्नावर नाही. हा बदल केवळ नावाचे देशीकरण नव्हे. सोने असूनही उपाशी असलेला देव ही कल्पना मूळ परंपरेत नाही.

येथून पुढे चित्रपट आपल्या उगमापासून पूर्णतः दूर जातो. ‘ग्रॅमा’तील मूल भयाचे भक्ष्य होते, विनायक मात्र मोठेपणी स्वेच्छेने भयाकडे परत येतो, कारण तेथे सोन्याची मुद्रा आहे. मध्यशतकातील चित्रपटात राक्षस माणसाकडे येत असे. येथे माणूस राक्षसाकडे जातो, आणि पुढे मुलालाही तो मार्ग शिकवितो. भय वारशाने मिळते, कारण लोभ वारशाने मिळतो. खोत, सावकार आणि वाडे यांच्या ऱ्हासाचा जो विषय मराठी कादंबरीने वास्तववादी रीतीने हाताळला, तो येथे भयकथेच्या भाषेत मांडला गेला आहे.

६. समारोप

या विवेचनातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, भयकथेच्या बाबतीत ‘मूळ कोणते’ या प्रश्नाचे उत्तर एका नावाने देता येत नाही. किंगच्या मागे मध्यशतकातील चित्रपट आणि लव्हक्राफ्टची परंपरा आहे. धारपांच्या मागे किंग. ‘तुंबाड’च्या मागे धारप, पेंडसे आणि नागझिऱ्यातील तो अनाम निवेदक. दुसरे असे की, या साखळीतील धारपांचा दुवा काढून टाकला तर ती तुटते. ज्या लेखकाला समीक्षेने ‘रूपांतरकार’ म्हणून बाजूस ठेवले, त्याची गोष्ट जंगलात तोंडी सांगण्याइतकी कोणाच्या तरी मनात रुजली होती. कथेच्या जिवंतपणाचे याहून खात्रीचे प्रमाण वाङ्मयेतिहासाला क्वचितच मिळते. मराठी भयकथेचा इतिहास लिहिताना संग्रहांच्या आणि अंकांच्या सूचीइतकेच अशा सांगण्या-ऐकण्याच्या प्रसंगांना महत्त्व द्यावे लागेल. अन्यथा कोणी कोणाचे घेतले एवढेच कळेल. घेतलेले कसे जगले, हे कळणार नाही.