डोंगरातील घरे आणि किल्लारीची पहाट

उन्हाळ्याची सुट्टी लागली की लातूर, उदगीर, नांदेड भागातील कितीतरी जैन कुटुंबे बद्रीनाथाची वाट धरतात. प्रथम तीर्थंकर भगवान आदिनाथांचे निर्वाण ज्या अष्टापदावर झाले तो हिमालयात आहे, ही आपली श्रद्धा. त्या पर्वतराजाचे निदान दर्शन तरी घडावे, ही त्यामागील भावना. नांदेडचे शीख बांधवही बऱ्याच अंशी त्याच रस्त्याने हेमकुंड साहिबला जातात. यात्रेकरू हिमशिखरे पाहतो, नद्यांचे संगम पाहतो, देवालयांपुढे नतमस्तक होतो. मात्र डोंगराच्या कुशीत शतकानुशतके उभी असलेली घरे सहसा त्याच्या नजरेत भरत नाहीत. ज्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली, त्या लातूर परिसरातील माणसांनी तरी ती घरे डोळसपणे पाहावीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

भगवान आदिनाथांनी मानवाला असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली, असे आपली शास्त्रे सांगतात. आपल्या समाजाने त्यांपैकी वाणिज्य निष्ठेने जोपासले. हिमालयाच्या काही खोऱ्यांत शिल्पकर्मातील घर बांधण्याची विद्या तितक्याच निष्ठेने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली.

कोटी बनालची घरे

उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात यमुनेच्या वरच्या खोऱ्याला रवाईं म्हणतात. यमुनोत्रीच्या वाटेवर बडकोट लागते. त्याच परिसरात कोटी बनाल नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील उंच घरांवरून या बांधणीला अभ्यासकांनी ‘कोटी बनाल शैली’ असे नाव दिले. चार मजल्यांच्या घराला तेथे ‘चौखट’ म्हणतात, पाच मजल्यांच्या घराला ‘पंचपुरा’. घरांतील लाकडाचे वय शास्त्रीय पद्धतीने तपासले असता ते सात ते नऊ शतकांचे भरले. या काळात १८०३ चा गढवालचा महाभूकंप होऊन गेला, २० ऑक्टोबर १९९१ च्या मध्यरात्रीनंतरचा उत्तरकाशीचा ६.८ तीव्रतेचा भूकंपही होऊन गेला. घरे उभी आहेत.

ही किमया कशात आहे? घराखाली प्रथम दगडांचा उंच, भरीव चौथरा रचतात. त्यावर भिंत चढते ती एक थर दगडाचा आणि एक थर देवदाराच्या ओंडक्यांचा, अशा क्रमाने. कोपऱ्यांवर ओंडके एकमेकांत खाचा पाडून बसवितात आणि लाकडी खुंट्यांनी जखडतात. त्यामुळे चारही भिंती मिळून एकच पेटी तयार होते. जमीन हलली की दगड किंचित सरकतो, लाकूड किंचित लवते, पण भिंत भिंतीला सोडत नाही. घराचा आकार साधा आयताकृती असतो. दार एकच आणि तेही लहान. खिडक्या मोजक्या, भक्कम लाकडी चौकटीत बसविलेल्या. सज्जे काढायचे ते वरच्या मजल्यांवर, आणि तेही केवळ लाकडाचे.

हिमाचल प्रदेशात याच कुळातील बांधणीला ‘काठकुणी’ म्हणतात. काठ म्हणजे काष्ठ, कुणी म्हणजे कोपरा. कोपऱ्यात लाकूड असलेली, असा सरळ अर्थ. कुलू खोऱ्यातील नग्गरचा प्राचीन वाडा अशा बांधणीचा आहे. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपाने त्या प्रदेशात सुमारे वीस हजार माणसांचा बळी घेतला. नग्गरचा वाडा मात्र टिकून राहिला.

घर आणि गृहस्थी

या घरांची रचना तेथील जीवनपद्धतीशी एकरूप झालेली आहे. तळमजल्यावर गाई-गुरे बांधतात. त्यांच्या उबेने थंडीत वरच्या खोल्याही सुसह्य होतात. मधल्या मजल्यांवर साठवण, आणि चूल व माणसांचा वावर वर. जे जड ते खाली, जे हलके ते वर, हा नियम शेणामातीने सारवलेल्या त्या घरांत कोणी लिहून ठेवलेला नाही. तो अंगवळणी पडलेला आहे.

धान्याचा व्यापार करणाऱ्या आपल्या वाचकांना तेथील कोठारांचेही कौतुक वाटेल. देवदाराच्या फळ्यांचे हे कोठार अनेकदा घरापासून वेगळे, अंगणात उभे असते. देवदाराच्या लाकडातील तेलामुळे कीड सहसा जवळ फिरकत नाही. सोंडे आणि पोरकिडे यांच्यामुळे होणारे नुकसान, आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी नाइलाजाने घडणारी हिंसा, यांची टोचणी ज्याला ठाऊक आहे, त्याला या साध्या लाकडी पेटीचे मोल सांगायला नको.

शेजारच्या जौनसार-बावरमध्ये दिवाळी एक महिना उशिरा साजरी होते. तिला ‘बूढी दिवाली’ म्हणतात. श्रीरामांच्या आगमनाची वार्ता डोंगरात उशिरा पोहोचली, असे कोणी सांगतात. कार्तिकात शेतीची कामे आटोपलेली नसतात, असे दुसरे सांगतात. धान्य कोठारात पडल्यावर, फटाक्यांऐवजी लाकडाच्या मशाली घेऊन, गावकरी नाचत-गात हा सण करतात. ज्या दिवशी आपण भगवान महावीरांचे निर्वाणकल्याणक पाळतो, त्या सणाचे हे आवाजविरहित रूप आपल्याला जवळचे वाटावे.

या परिसराचे आराध्यदैवत महासू. हनोल येथील त्याचे मंदिर दगड आणि लाकूड यांच्या याच परंपरेतील आहे. न्याय देणारा देव अशी त्याची ख्याती असून आपसांतील तंटे लोक त्याच्या दारी नेतात. चार महासू बंधूंपैकी ‘चालदा महासू’ एका ठिकाणी राहत नाही. तो गावोगाव फिरतो आणि ज्या गावी मुक्काम होतो, ते गाव त्याची सेवा करते. देवाचे मंदिर आणि माणसाचे घर एकाच हाताने, एकाच रीतीने बांधायचे, हा तेथील संस्कार. म्हणूनच ही विद्या केवळ कारागिरांची राहिली नाही. ती साऱ्या गावाची झाली.

किल्लारी

आता आपल्या घराकडे वळू. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती, गणेशविसर्जन आटोपून गावे उशिरा निजली होती, क्षमावाणीचा दिवस उजाडायचा होता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे उत्तरकाशीपेक्षा कमी. उत्तरकाशीत साडेसातशेहून अधिक माणसे दगावली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या घरात गेली. दोन्ही प्रदेशांतील वस्तीची दाटी निराळी आणि भूगर्भाची घडणही निराळी, त्यामुळे हा सारा फरक घरांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. परंतु घरांचा वाटा फार मोठा होता, हे निर्विवाद आहे.

आपली माळवदाची घरे उन्हाळ्यात थंड, दिसायला भारदस्त. पण दोन-अडीच फूट जाडीच्या त्या भिंती म्हणजे बाहेर एक दगडी पडदा, आत दुसरा, आणि मधे मातीत भरलेले गोटे. दोन्ही पडद्यांना जोडणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. वर माळवदावर दरवर्षी नव्याने टाकलेल्या पांढऱ्या मातीचे थर. जमीन हलताच पडदे एकमेकांपासून सुटले आणि छताचे ओझे निजलेल्या माणसांवर आले. जेथे खांब-तुळयांच्या खणांचा सांगाडा मजबूत होता, तेथे काही ठिकाणी भिंती ढासळूनही छत तरले. म्हणजे लाकडाचे शहाणपण आपल्याकडेही होते. भिंतीशी त्याची गाठ मारायची राहून गेली.

यात आपल्या पूर्वजांचा दोष मानता येणार नाही. हिमालयात दर दोन-चार पिढ्यांनी जमीन हादरते आणि शिकविते. मराठवाड्याची भूमी शांत मानली जात होती. भूकंपाच्या नकाशात किल्लारी सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होती. २००२ च्या नकाशात तिला तिसऱ्या विभागात घातले गेले.

त्या आपत्तीत समाजाने जे केले, ते अभिमानाने सांगण्यासारखे आहे. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील बाराशेच्या आसपास मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि वाघोली येथे त्यांना घर दिले. जीवदयेचे ते फार मोठे उदाहरण होय.

आज आपली घरे

जीवदयेचे दुसरे अंग मात्र आपत्ती येण्यापूर्वी पाळायचे असते. मार्च २०२४ आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये हिंगोली परिसरातील ४.५ तीव्रतेच्या धक्क्यांनी नांदेडपर्यंतची माणसे घराबाहेर धावली. हानी फारशी झाली नाही, आणि चार दिवसांत विषय मागे पडला.

आपल्या व्यापारी कुटुंबांच्या घरांची ठरावीक पद्धत आहे: खाली दुकान, वर संसार. दुकानाला रुंद शटर हवे म्हणून समोरची भिंत नसते. वाहनांसाठी खालचा मजला अनेकदा नुसत्या खांबांवर असतो. वर मात्र भिंती, पाण्याच्या टाक्या, कधी मालाची पोती. कोटी बनालच्या घराची ही नेमकी उलटी रचना आहे. तेथे तळ सर्वांत भरीव आणि दार सर्वांत लहान. येथे तळ सर्वांत पोकळ आणि ओझे डोक्यावर. अभियंते अशा पोकळ तळमजल्याला भूकंपातील सर्वांत दुबळी जागा मानतात. दुकान बंद करण्याची गरज नाही. खांबांची योग्य मापे, त्यांतील लोखंडाच्या कड्या, मधे एखादी सलग काँक्रीटची भिंत, यांनी ही उणीव भरून काढता येते. साध्या विटांच्या घरात जोत्याला, दारा-खिडक्यांच्या माथ्याला आणि छताखाली काँक्रीटचा सलग पट्टा घालावा. हिमालयातील देवदाराचा ओंडका जे काम करतो, तेच काम हा पट्टा करतो: चारही भिंतींना एकत्र बांधतो.

खेदाची गोष्ट अशी की, डोंगरातही ही विद्या मागे पडत आहे. देवदाराचे लाकूड आता सहज मिळत नाही, जाणते कारागीर विरळ होत आहेत आणि उतारांवर काँक्रीटचे मजले चढत आहेत. जानेवारी २०२३ मध्ये बद्रीनाथाच्या वाटेवरील जोशीमठात जमीन खचून शेकडो घरांना तडे गेले, तेव्हा त्या शहरावर साचलेला भार सर्वांच्या लक्षात आला.

घर बांधताना आपण वास्तुशास्त्र पाहतो, मुहूर्त पाहतो, वास्तुशांतीला साऱ्या गोताला जेवू घालतो. त्याच आस्थेने जाणत्या अभियंत्याकडून आराखडा तपासून घेणे, आणि जुन्या घरांची पाहणी करवून घेणे, हेही आपल्या धर्माशी सुसंगत आहे. चालताना, बसताना, ठेवताना, उचलताना कोणत्याही जीवाला इजा होऊ नये म्हणून जी यतना आपल्याला शिकविली जाते, तिच्यात ज्या छताखाली आपली लेकरे, वृद्ध आणि कामाला येणारी माणसे निजतात, त्या छताचाही समावेश झाला पाहिजे.