शेगडी तीच, वायू वेगळा

मुंबई-पुण्याहून बदली होऊन भोपाळला येणारी कुटुंबे पुष्कळदा आपली गॅसची शेगडी सोबत आणतात. तेथे ती नळाच्या नैसर्गिक वायूवर चालत असते. येथे अनेक घरांत अजून सिलिंडरच आहे. शेगडी तीच असली तरी इंधन बदललेले असते, हे सहज विसरले जाते.

नैसर्गिक वायूत मुख्यत्वे मिथेन असतो, तर सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण. समान घनफळात या मिश्रणाची उष्णता सुमारे अडीचपट, आणि घरातील दाबही अधिक : साधारण २१ मिलिबारऐवजी ३०. म्हणूनच नैसर्गिक वायूच्या शेगडीतील जेटचे छिद्र मोठे असते. तेच जेट ठेवून सिलिंडर जोडल्यास ज्योत उंच व पिवळी होते, भांडी काजळतात आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हिवाळ्यात घरातील साऱ्यांनाच डोकेदुखी व मळमळ होत असेल, तर आपण डॉक्टरांनी शेगडीचीही चौकशी करावी.

दुसरा भेद गळतीचा. मिथेन हलका, तो वर जातो. सिलिंडरचा वायू हवेहून जड, तो जमिनीलगत साचतो. डिसेंबर १९८४ मधील त्या रात्री मिथाइल आयसोसायनेटही असाच जमिनीलगत पसरला होता. भोपाळकरांना अधिक सांगावयास नको. वास येताच विजेचे बटण न दाबता दारेही उघडावीत. केवळ वरची खिडकी पुरेशी नाही.

जेट जाणकार मेकॅनिककडूनच बदलून घ्यावेत, रेग्युलेटर व नळी सिलिंडरसाठीचीच असावी, सांध्यांना साबणाचे पाणी लावून पाहावे. ज्योत निळी व स्थिर दिसली, म्हणजे खुशाल चहाचे आधण ठेवावे.