तासाला वीस मिनिटं

दहावीच्या परीक्षेत शेवटची घंटा होते, केंद्र रिकामं होतं आणि एका खोलीतला पेपर मात्र चालूच राहतो. तिथल्या मुलांना तासामागे वीस मिनिटं जास्त मिळालेली असतात. कुणाच्या शेजारी खालच्या इयत्तेतला लेखनिक बसलेला असतो, कुणाला कॅल्क्युलेटर वापरायची मुभा असते. फाटकाबाहेरच्या पालकांमध्ये तेव्हा हमखास एक कुजबुज होते, ‘बरं आहे बाई, यांना सवलत असते.’ हेवा आणि शंका दोन्ही त्यात असतात.

ही सवलत महाराष्ट्राने देशात फार लवकर दिली, हे इथं मुद्दाम सांगायला हवं. अपंगांसाठीच्या 1995 च्या केंद्रीय कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. तरीही 1996 पासून आपल्या राज्याने अशा मुलांना जास्त वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, दुसऱ्या भाषेतून सूट, गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित आणि कार्यानुभवाचा विषय अशा सोयी देऊ केल्या. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्थाही मुंबईत त्याच वर्षी उभी राहिली. शीव, केईएम, नायर या रुग्णालयांमध्ये तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची पद्धत रुळली. केंद्राचा दिव्यांग हक्क कायदा आला तो 2016 च्या अखेरीस. त्याने सातांचे एकवीस प्रकार केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेला त्यात जागा दिली. म्हणजे आपण वीस वर्षं पुढे होतो.

पुढे होतो खरे, पण कशात? परीक्षेतल्या सोयीत. मूल वाचायला कसं शिकेल आणि त्याच्या घरच्यांना कुणाची सोबत मिळेल, हे प्रश्न मागेच राहिले. प्रमाणपत्र मिळवण्यासाठी वर्षभर दवाखान्यात खेटे घालणारे पालक ते हातात पडताच उपचारात्मक अध्यापनाचा वर्ग बंद करतात, असं रेमेडियलच्या शिक्षिका सांगतात. पालकांना तरी दोष कसा द्यायचा? सगळी व्यवस्थाच त्यांना दहावीच्या गुणपत्रिकेकडे ढकलत असते.

आधी थोडं मुळाशी जाऊ. डिस्लेक्सियात वाचन अडतं, डिसग्राफियात लेखन आणि डिसकॅल्क्युलियात आकडेमोड. बुद्धी सर्वसाधारण असते, डोळे-कान ठीक असतात, शाळाही नियमित असते, तरीही अडतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निदानसूचीनुसार शाळकरी मुलांपैकी 5 ते 15 टक्क्यांना यातलं काही ना काही असतं. ‘तारे जमीन पर’ 2007 मध्ये आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरात पोचला. त्या चित्रपटाचे उपकार आहेतच, पण त्याने एक गोड गैरसमजही पेरला: असं प्रत्येक मूल आतून कलावंत असतं, फक्त ओळखणारा शिक्षक भेटायचा अवकाश. बहुतेक मुलं चारचौघांसारखीच असतात. त्यांना बक्षीस मिळवायचं नसतं, बसवरची पाटी वाचायची असते.

बसवरची पाटी मराठीत असते, आणि इथं आपल्याकडचा एक मोठा घोटाळा दिसतो. डिस्लेक्सिया हा इंग्रजी माध्यमाचा आजार आहे, असं अजूनही बऱ्याच शाळांना वाटतं. इंग्रजीची स्पेलिंगं लहरी असतात, मराठी मात्र जसं बोलतो तसंच लिहितो, मग अडेल कुठे? पण घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष आणि प शेजारी शेजारी लिहून पाहा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. एकटा र घेतला तरी अर्क, प्रकार, ट्रक आणि तऱ्हा या चार शब्दांत त्याची चार रूपं होतात. त्यावर जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ. उच्चार आणि अक्षर यांचा मेळ मराठीत बराच सरळ असल्यामुळे हे मूल साधे शब्द कसेबसे बरोबर वाचतं, पण फार संथ. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेली असते. बाई म्हणतात, ‘वाचता येतं की त्याला, फक्त आळशी आहे.’ इंग्रजीतल्या ठळक चुका पकडायला सरावलेली नजर हा संथपणा पकडत नाही.

म्हणून मराठीतून तपासणी होणं महत्त्वाचं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा चाचणीसंच 2015 मध्ये आणला. तो इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि कन्नडमध्येही आहे. वर्गशिक्षकाने करायची प्राथमिक चाळणी आणि मानसशास्त्रज्ञाने करायची सविस्तर चाचणी असे त्याचे दोन भाग आहेत. मूल ज्या भाषेत शिकतं त्याच भाषेत त्याला तपासा, एवढी साधी गोष्ट. तिला इतका उशीर लागला.

आकड्यांची गोष्ट तर अस्सल मराठी आहे. ‘सदतीस’ म्हणताना सात आधी येतात, लिहिताना तीन. डिसकॅल्क्युलिया असलेलं मूल ऐकतं त्या क्रमाने लिहितं आणि 37 चे 73 होतात. एकोणचाळीसमध्ये तर चाळीस ऐकू येतात आणि लिहायचे 39. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी संख्यावाचनाची जोडपद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर कोट्या झाल्या, व्हॉट्सॲपवर विनोदांचा पूर आला. गणिताच्या अभ्यासमंडळाच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या की जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामं लहान मुलांना जड जातात. जुनी नावं कुणी काढून घेतलीच नव्हती, शेजारी एक सोपी वाट ठेवली होती. ती वाट सगळ्यात जास्त कुणाला लागते, हे त्या आठवड्यात हसणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या मनात आलं असेल.

शिकवायचं कसं, हे कोडं तर बऱ्याच अंशी सुटलेलं आहे. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी 1930 च्या दशकात घडवलेली पद्धत आजही पायाभूत मानली जाते: ध्वनी, अक्षर आणि हाताची हालचाल एकत्र बांधायची, एका वेळी एकच पायरी घ्यायची आणि ती पक्की होईपर्यंत पुढे जायचं नाही. रेतीत बोटाने ‘ध’ काढायचा, काढताना मोठ्याने म्हणायचा. आपल्या जुन्या शाळांत मुलं धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवत, तेही यापासून फार दूर नव्हतं. मात्र याला नेटाचा सराव लागतो, आठवड्यातून दोन-तीन बैठका, दोन-दोन वर्षं. शहरातल्या खासगी वर्गाची फी परवडणारी घरं थोडी. समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणासाठी विशेष शिक्षक नेमलेले आहेत, पण एकाच शिक्षकाच्या वाट्याला अनेक गावांच्या शाळा येतात.

एडीएचडीची, म्हणजे अवधान टिकवण्यातल्या अडचणीची आणि अतिचंचलतेची, कथा याहून अवघड आहे. जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला तर साधारण 5 टक्के मुलांमध्ये ती आढळते. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावी लागतात आणि घरी, शाळेत अशी एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. फक्त आजीकडे गेल्यावर दंगा करणारं मूल यात बसत नाही. मुलगा खिडकीवर चढला की लोकांच्या लक्षात येतं. वर्गात मागे बसून हरवलेली मुलगी ‘स्वप्नाळू’ ठरते, पुढे ‘धांदरट’, लग्नानंतर ‘बेशिस्त’, आणि चाळिशीत स्वतःच्या मुलाच्या निदानासाठी डॉक्टरांसमोर बसल्यावर तिला कळतं की प्रश्नावलीतले सगळे प्रश्न आपल्यालाही लागू पडताहेत.

अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी एकाच मुलात असणं नेहमीचं. पण त्या एकवीस प्रकारांच्या यादीत एडीएचडीचं नाव नाही. त्यामुळे ज्याला केवळ एडीएचडी आहे त्याला प्रमाणपत्राच्या खिडकीवर बहुधा नकार मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सांगितलं, की 40 टक्के अपंगत्वाचा दाखला नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही. तो खटला लिहिताना हात आखडण्याच्या विकाराचा होता, पण त्यातलं तत्त्व मोठं आहे. यादीत एडीएचडी यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर अशा माणसांना कायद्याहून जास्त आधार एकमेकांचाच.

आणि या क्षेत्राचा इतिहासच पालकांनी घडवलेला आहे. ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हे नाव सॅम्युएल कर्क यांनी मांडलं ते 1963 मध्ये शिकागोत, डॉक्टरांच्या परिषदेत नव्हे, पालकांच्या मेळाव्यात. त्या पालकांनी लगेच संघटना बांधली आणि पुढे कायदे घडवून आणले. एडीएचडीसाठीची ‘चॅड’ ही अमेरिकी संस्थाही 1987 मध्ये फ्लोरिडातल्या पालकांच्या छोट्या गटातून निघाली. आपल्याकडे अशा सोबतीची परंपरा नाही असंही नाही. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये व्यसनी माणसांच्या बायकांचा ‘सहचरी’ गट आहे, पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. चंचल मुलांच्या आईबापांचे गट मात्र मोठ्या शहरांबाहेर शोधावे लागतात. मुंबईतलं ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र 2001 पासून काम करतं आणि पालकांबरोबर वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांनाही प्रशिक्षण देतं. हे धोरण मला पटतं, कारण तालुक्याच्या गावी बालमानसतज्ज्ञ उद्या येणार नाही, पण शिकलेली कार्यकर्ती येऊ शकते.

गटात नेमकं होतं काय? उपदेश कमी आणि युक्त्या जास्त. दप्तराची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवणं, गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करणं, एका वेळी एकच सूचना देणं, चूक दाखवण्याआधी जमलेलं बोलून दाखवणं. सहा वर्षांखालच्या एडीएचडीच्या मुलांसाठी औषधाआधी पालकांचं प्रशिक्षण, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. मोठ्या मुलांत औषधं उपयोगी पडतात आणि त्यांची भीती बाळगायचं कारण नाही, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. प्रौढांनी तर एक उपाय आपला आपणच शोधला आहे: दुसरं कुणी शेजारी काम करत बसलेलं असलं की आपलंही काम पुढे सरकतं. परदेशात त्यासाठी ऑनलाइन खोल्या भाड्याने मिळतात. आपल्याकडे गावोगावी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत, तिथं शांतपणे शेजारी बसायला कुणाचं निदान विचारत नाहीत.

शिकण्याच्या वाटाही दहावीपाशी संपत नाहीत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात पाच विषय घेऊन दहावी होता येतं, गणित सक्तीचं नाही, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे एका वेळी एकच विषय देऊनही चालतं. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, बाहेरून परीक्षा देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे, नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, आयटीआय आहेत. प्रमाणपत्र 40 टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमतेचं असेल, तर सरकारी उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठीच्या 5 टक्के राखीव जागा आणि सरकारी नोकरीतल्या 4 टक्क्यांतला वाटा यांसाठीही ते चालतं. दहावीनंतर ते कपाटात टाकून देणारे याला मुकतात.

तपासणीसाठी मुंबई-पुणे गाठायलाच हवं असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाड्या आणि शाळांत येणाऱ्या त्याच्या पथकांच्या यादीत अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी दोन्ही आहेत. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात. तिथं पैसे पडत नाहीत.

तेव्हा मूल तिसरी-चौथीत असेल आणि वाचन अडत असेल, तर वर्गशिक्षकांना लेखी सांगा. अध्ययन अक्षमता लवकर शोधणं हे दिव्यांग हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाने शाळेवरच टाकलेलं काम आहे. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्रासाठीची चाचणी आठव्या वर्षापासून, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा, अशी ठरवली होती. दहावीच्या हिवाळ्यापर्यंत थांबू नका. शाळेतली आणखी दोन घरं गाठा, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसा. आणि प्रमाणपत्र मिळालं म्हणून रेमेडियलचा वर्ग बंद करू नका.