लंपनची आजी विक्षिप्त कुणाला वाटते?

पीएच.डी.चा विषय सांगितला की समोरून ठरलेला प्रश्न येतो: "म्हणजे ‘श्यामची आई’ वगैरे का?" वगैरेमध्ये ते येतंच, पण मी मुख्यतः बघतेय लहान मूल आणि घरातलं म्हातारं माणूस ही जोडी. त्यासाठी माझा मुक्काम सध्या प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मध्ये (मौज, १९९४) आणि त्यामागून आलेल्या ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’मध्ये आहे. हे खरं तर कथासंग्रह. पण चारही सलग वाचून बघा, कादंबरीच वाचल्यासारखं होतं. मी खुशाल तसंच धरते. (गाईडना हे अजून पटलेलं नाही.)

लंपन आई-बाबांपासून लांब, बेळगावकडच्या मराठी-कानडी मिसळलेल्या गावात आजी-आजोबांकडे राहतो. सगळं तोच सांगतो. चक्रावून टाकणाऱ्या गोष्टींसाठी त्याचा हुकमी शब्द आहे ‘मॅड’. पुण्यातल्या कितीतरी वाचकांच्या तोंडात तो पुस्तकातून गेला, आणि २०२४मध्ये निपुण धर्माधिकारींची ‘लंपन’ ही वेबसिरीज आल्यावर पुन्हा ताजा झाला.

आता मुद्द्याची गोष्ट. समजा, एक आजी अचानक गप्प होते आणि भांडी आपटायला लागते. (हे उदाहरण माझं, पुस्तकातलं नाही.) निवेदक मोठा माणूस असेल तर तो लगेच सांगेल की सकाळी मुलीचं पत्र आलं होतं. मूल सांगणार फक्त भांड्यांचा आवाज. कारण काढून घेतलं की उरतो तो विक्षिप्तपणा! म्हणजे तो आजीच्या स्वभावात जितका असतो, तितकाच सांगणाऱ्याच्या उंचीत असतो. आणि मधली मोकळी जागा कोण भरतं? तुम्ही. मुलापेक्षा तुम्हाला जास्त कळतं, आणि त्याला ते सांगता मात्र येत नाही. लंपन वाचताना हसता हसता घसा दाटतो तो यामुळे, असं माझं म्हणणं आहे.

उलट उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. त्यांच्या वडिलांचं सोवळं बाजारातून आलेली वस्तू न् वस्तू धुऊन घेण्यापर्यंत गेलेलं. पण लक्ष्मीबाई हे सांगतात साठी ओलांडल्यावर, आणि सोवळ्याच्या आधी १८५७च्या धामधुमीत घरच्या माणसाला झालेली फाशी सांगतात. त्यामुळे तेच वागणं आपल्याला भेदरलेल्या माणसाचं वाटतं. साने गुरुजींचा श्यामही मोठेपणीच बोलतो, म्हणून तिथे प्रत्येक आठवणीला अर्थ आधीच चिकटलेला असतो. लंपनकडे ही सोय नाही. आजीनं दटावलं तर दटावलं, जवळ घेतलं तर जवळ घेतलं. दोन्हींचा हिशोब आपण घालायचा.

शीर्षकही बघा ना. आजीच्या घरात माया आहे, खाणंपिणं आहे, मित्र आहेत, सुमी आहे; तरी पुस्तकाचं नाव ‘वनवास’. आजी जितकी जवळची होत जाते, तितकी आईची जागा कुणी घेतली हा न विचारलेला प्रश्न टोचत राहतो.

इथे लेखकाचं चरित्र आणायचा मोह होतो. संत हे कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव, कराडला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. दत्तक गेल्यामुळे कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. वडील, ना. मा. संत, १९४६ साली गेले तेव्हा ते जेमतेम नऊ वर्षांचे होते. म्हणून लंपन म्हणजेच संत असं म्हणणं मला आळशीपणाचं वाटतं. कथेतली आजी घडवलेली आहे, आठवणीतून जशीच्या तशी उचललेली नव्हे. पण एका गोष्टीपाशी मी दर वेळी थांबते. लंपनची पुस्तकं छापताना त्यांनी दीक्षित हे नाव वापरलं नाही. मुखपृष्ठावर आहे ते दत्तक जाण्याआधीचं नाव, मधे वडिलांच्या नावासकट.