मेणबत्त्यांचा शनिवार

सकाळी 7. पॅरिसच्या आग्नेयेला व्हो-ल-व्हिकोंतच्या बागेत अजून दव आहे. माळी दाताळं ओढत खडीवरच्या कालच्या पाऊलखुणा पुसतोय.

8.30. कातरकाम. दोरी ताणायची, चार पावलं मागे जायचं, एक डोळा मिटून बघायचं. महालासमोर 1923 मध्ये आशिल दुशेन यांनी बॉक्सच्या झुडपांचा कशिदा नव्याने काढला होता. रोगाने आणि अळीने त्याची वाट लावली. 2019 मध्ये त्या जागी तात्पुरते ॲल्युमिनियमचे पट्टे आले. उन्हात लखलखायचे छान, पण पट्ट्याला पालवी फुटत नाही.

11. पाहुणे आले. पायऱ्यांवरून अख्खी बाग नजरेत मावते. टोकाचा सोनेरी हर्क्युलिस तर हाकेच्या अंतरावर वाटतो. ‘आत्ता जाऊन येतो’ म्हणणाऱ्यांकडे बघून माळी नुसता हसतो. आंद्रे ल नोत्रने जमिनीला उतार दिला, लांबचे हौद मोठे केले, म्हणून लांबचं जवळ भासतं. चालत गेलं की सुमारे किलोमीटरभर लांबीचा कालवा आडवा येतो. महालातून तो दिसतच नाही! मग वळसा. टोपी विसरलेले पाहुणे तिथे हमखास भेटतात.

1. जेवण.

3. कारंजी सुटतात, तीही ठरावीक शनिवारीच. उंचावरच्या साठ्यातलं पाणी स्वतःच्या भाराने खाली येतं. तोटीत एक पान अडकलं तरी धार वाकडी.

संध्याकाळ. दोन हजार मेणबत्त्या, आणि वारा. 17 ऑगस्ट 1661 ला अर्थमंत्री निकोला फुकेने चौदाव्या लुईला याच घरी मेजवानी दिली. मोलिएरचं नवंकोरं नाटक, आतषबाजी, सगळा थाट. तीन आठवड्यांच्या आत फुके कैदेत. पकडायला आला होता दार्तान्यां. हो, ड्यूमाच्या कादंबरीतला तोच. घर बांधणारा ल व्हो, चितारणारा ल ब्रुन आणि ल नोत्र यांना राजाने व्हर्सायच्या कामाला जुंपलं, वर इथली संत्र्याची झाडंही उचलून नेली. गुणी माणसं पळवली ते एक वेळ समजू शकतं. पण कुंड्या?

मध्यरात्र. शेवटची मोटार गेली. माळी आणि सोबतचे लोक ज्योती विझवत निघतात. मेण खडीवर सांडलंय. उद्या सकाळी ते दाताळ्याला चिकटणार.