मधुमेहाची गोळी स्वस्त झाली आहे

आपल्या भागातील बरीच मुले माथाडी कामानिमित्त घणसोली गावात राहतात आणि सणावारी येताना वडिलांच्या मधुमेहाच्या गोळ्या आणतात. गोळी महाग, म्हणून एक दिवसाआड घेणारे सभासद आम्हांस बांधावर भेटतात. तसे करू नये. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट 11 मार्च 2025 रोजी संपले. त्यापूर्वी सुमारे 60 रुपयांना पडणारी गोळी अनेक भारतीय कंपन्यांनी 10 रुपयांच्या आसपास आणली. युरियाची गोणी कोणत्याही कंपनीची असो, नत्र 46 टक्केच, तसेच हे. घटक व मिलिग्रॅम तेवढे जुळवून पाहावे. डॉक्टरांकडून घटकाचे नाव लिहून घ्यावे, जनऔषधी केंद्रातही चौकशी करावी. मात्र आपल्या मनाने गोळी बदलू नये.