घराभोंवतीं देशी झाडेंच कां लावावीं?

नवें घर बांधून झालें म्हणजे त्याच्या भोंवतीं चार झाडें असावीं असें प्रत्येकास वाटतें, आणि मग रोपवाटिकेंत हातास येतील तीं रोपें आणून लावलीं जातात. त्यांत गुलमोहर, बोगनवेल आणि सुबाभूळ हीं बहुधा असावयाचींच. गुलमोहराचें मूळ ठिकाण मादागास्कर बेट, बाकीचीं दोन्ही अमेरिका खंडांतलीं. परदेशी म्हणून आम्ही कोणत्याही झाडाचा द्वेष करीत नाहीं. मिरची व भुईमूगही तिकडूनच आले आहेत. प्रश्न एवढाच कीं, आपल्या देशावरील हवेंत तें झाड कोणत्या महिन्यांत काय काम देतें?

गुलमोहर पाण्यावांचून जगतो हें खरें. परंतु ऐन उन्हाळ्यांत त्यावर पानें नसतात, मुळें वरवर पसरतात, आणि लांकूड ठिसूळ असल्यामुळें वळवाच्या वाऱ्यानें फांदी मोडून छपरावर येते. त्याच जागीं करंज लावून पाहावा. तो उन्हाळ्याच्या तोंडीं पानें गाळतो व लागलीच पोपटी पालवीनें भरून येतो. वैशाखांत त्याखालीं गुरें खुशाल बांधावीं. बियांचें तेल निघतें, पेंड शेतास खत होते. बहावा मात्र शोभेसाठीं लावावा, सावलीसाठीं नव्हे. तो फुलतो त्या वेळीं बहुतेक निष्पर्ण असतो. मोरीचें पाणी जाईल तेथें कढीलिंब व शेवगा असावा. वड, पिंपळ व उंबर हे भिंतीपासून दूरच बरे.

खरी चूक होते ती कुंपणांत. घाणेरी आपोआप वाढते म्हणून ती तशीच राहूं देतात. चाऱ्याच्या टंचाईंत गुरांनीं ती खाल्ली म्हणजे त्यांस कावीळ होते व उन्हांत अंगाची कातडी सोलून निघते. प्रसंगीं जनावर दगावतें. फुकटच्या कुंपणापायीं बैल गमावणें कोणास परवडणार? शिवाय पांखरें तिचें बीं शेजारच्या रानांत नेतात तें वेगळेंच. फड्या निवडुंग असाच अमेरिकेंतून आला, कुंपणास लागला, आणि पुढें त्यानें रानेंच्या रानें अडविलीं. कोयत्यास तो दाद देईना. १९२६ सालीं लंकेंतून त्यावर जगणारा कोचिनील जातीचा किडा आणला, तेव्हां कोठें तो ओसरूं लागला.

कुंपणास आपल्याकडे सागरगोटा, करवंद, निर्गुडी व अडुळसा असे चार जुने सोबती आहेत. पहिल्या दोघांचे कांटे जनावरास आंत येऊं देत नाहींत. दुसऱ्या दोघांच्या पाल्यास गुरें सहसा तोंड लावीत नाहींत. निर्गुडीच्या व अडुळशाच्या फांद्या आषाढांत खोंचल्या तरी जगतात. सागरगोट्याचें बीं फार कठीण. तें दगडावर घांसून, वरचें कवच फुटल्यावर रात्रभर पाण्यांत ठेवून टोंचावें, नाहींतर तें महिनोन्महिने तसेंच पडून राहतें. करवंदाचें बीं उलट स्वभावाचें आहे. ठेवल्यास तें लवकर निकामी होतें, म्हणून फळ पिकतांच काढून पेरावें.

झाडासाठीं दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन मातींत शेणखत मिसळावें, आणि रोपाजवळ एक कच्च्या भाजणीचें मडकें गळ्यापर्यंत पुरावें. आठवड्यांतून एकदोनदां तें भरलें म्हणजे पाणी झिरपत राहतें. असे दोन उन्हाळे काढले कीं पुढें विहिरीकडे पाहावें लागत नाहीं.

आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली, म्हणून आणखी एक सांगणें प्राप्त आहे. कुंपण हद्दीवर लावूं नये, हात दीड हात आंत घ्यावें; संशय असल्यास आधीं मोजणी करून घ्यावी. एका करवंदीच्या जाळीवरून दोन भावांचे कज्जे वर्षानुवर्षें चाललेले आम्हीं पाहिले आहेत. तसेंच आंबा, चिंच, जांभूळ हीं १९६४ च्या झाडें तोडण्याविषयींच्या कायद्याच्या अनुसूचींत येतात. पुढें तेथें खोली काढावयाची असेल तर परवानगीवांचून तीं तोडतां येणार नाहींत. तेव्हां त्यांची जागा विचार करूनच ठरवावी.

बहाव्याच्या शेंगा हिवाळा संपतां संपतां काळ्या पडतात. त्या तेव्हांच काढून ठेवाव्या, आणि त्यांचें बींही सागरगोट्याप्रमाणें घांसूनच पेरावें.